वागळे इस्टेटमधील एक जॅम रूम: संशोधकाच्या बाजूने अभिप्राय

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी हेवी मेटल या कर्कश, जड रॉक संगीताच्या चाहत्यांचा अभ्यास करायचा म्हणून मी ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतील एका जॅम रूममध्ये, म्हणजे बँडना तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सरावाच्या खोलीत, सलग सहा शनिवार जाऊन बसले. त्यामुळे हा अभिप्राय वाजवणाऱ्याचा नसून पाहणाऱ्याचा आहे.

जागा म्हणजे एक जुना गाळा. शेजारी पत्र्याचे प्रेसकाम चालत असल्याने आवाजाची तक्रार करायला कोणी येत नाही. या संगीताला असा शेजार मानवतो. हेवी मेटलच्या आद्य बँडपैकी एक असलेल्या ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोके बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यातच यंत्रात गेली आणि बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून त्यांनी पुढे तारा सैल करून खालच्या स्वरात लावल्या, त्यातून तो जड, खर्जातला आवाज घडत गेला. गंमत अशी, की त्याच शहराच्या विद्यापीठात १९६४ साली सुरू झालेल्या संस्कृती-अभ्यास केंद्राने टेडी बॉय, मॉड आणि स्किनहेड या ब्रिटिश तरुणांच्या उपसंस्कृतींच्या पेहरावाचा वर्गीय अर्थ लावला, पण दाराशी वाढलेल्या या संगीताकडे फारसे पाहिले नाही. त्याच्या चाहत्यांचा सविस्तर समाजशास्त्रीय अभ्यास अमेरिकेतील डीना वाइनस्टाईन यांनी १९९१ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यात दिसणारा चाहता प्रामुख्याने गोरा, कामगारवर्गीय तरुण आहे.

वागळेत तो भेटत नाही. येथे तासाला ४५० रुपये मोजणारी मुले अभियांत्रिकीची किंवा नुकतीच नोकरीला लागलेली असतात, आणि शेजारच्या गाळ्यातला प्रेसवर काम करणारा मुलगा शटरबाहेर उभा राहून दोन मिनिटे ऐकतो व परत कामाला जातो. माझ्या प्रबंधाचे अर्धे प्रकरण त्या शटरपाशीच सापडले.

साहित्य ठीक आहे. ड्रमसेट दणकट आहे, डबल पेडल मिळते, मात्र एक झांज तडकलेली असून बासचा अँप सतत गुणगुणतो. वातानुकूलन नावापुरते आहे.

खरी उणीव स्वच्छतागृहाची. ते आवाराच्या पलीकडे, सर्व गाळ्यांना मिळून एकच आहे आणि संध्याकाळनंतर तेथे दिवा नसतो. मुली उपसंस्कृतींच्या अभ्यासात दिसत नाहीत याचे एक कारण संशोधक रस्त्यावरच पाहत राहिले आणि मुलींच्या घरातल्या खोलीपर्यंत पोहोचले नाहीत, असे अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते. सहा शनिवारांत मला एकच मुलगी वाजवताना दिसली, आणि तिचा बँड नेहमी दुपारची वेळ का घेतो, हे तिला विचारावे लागले नाही.

भिंतीलगतच्या बाकावर दोन सरावांमधला वेळ जातो, आणि संशोधकाने तेथेच बसावे. कोणाच्या काळ्या टी-शर्टवरच्या बँडची किती गाणी त्याला खरोखर ठाऊक आहेत, याची उलटतपासणी तेथे होते. जो अडखळतो तो ‘पोझर’, म्हणजे नुसता आव आणणारा, ठरतो. सारा थॉर्नटन यांनी १९९५ साली नृत्य-क्लबांविषयी मांडलेली ‘उपसांस्कृतिक भांडवल’, म्हणजे गटात मान मिळवून देणारी खास जाण, ही संकल्पना मला वर्गात कळली नव्हती, ती त्या बाकावर कळली.

शनिवारी संध्याकाळच्या वेळा आठवडाभर आधी भरतात. कानात घालायचे बोळे स्वतःचे न्यावेत. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी नुसते बसण्याचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत, पण दुसऱ्या शनिवारपासून सर्वांचा चहा सांगून आणण्याचे काम माझ्याकडे आले.