ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा इन्शुरन्स, ९ महिन्यांचा अनुभव (क्लेमसकट)

नाशिकला मखमलाबाद रोडला आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, बाबांनी चालू केलेलं, आता मी बघते. दोन गाड्या, एक अल्टो आणि एक वॅगनआर, दोन्हींना ड्युअल कंट्रोल, म्हणजे शिकवणाऱ्याच्या डाव्या सीटपुढेही पेडल. या विषयावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नव्हतं आणि मला ते वेळेवर कळलं असतं तर माझे १८ हजार वाचले असते, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देणार नाही, आधीच्याही आणि आताच्याही.

आधी काय झालं ते सांगते. जुन्या एजंटने दोन्ही गाड्या साध्या घरच्या गाडीसारख्या पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं आणि दुसऱ्याचं, दोन्ही नुकसान धरणाऱ्या) टाकल्या होत्या, प्रीमियम कमी आला म्हणून आम्हीही खूश. मग अल्टोचा मागचा दरवाजा चेपला, कंपनीचा नुकसान तपासणारा सर्वेअर आला, त्याने आधी एल बोर्ड बघितला, मग वाकून डावीकडचे पेडल बघितले आणि म्हणाला, मॅडम तुम्ही फी घेता ना? पॉलिसीत वापराची मर्यादा म्हणून एक कलम असतं, हायर ऑर रिवॉर्डसाठी, म्हणजे पैसे घेऊन, वापर चालत नाही, त्यावर बोट ठेवून क्लेम नामंजूर. भांडून काही उपयोग नव्हता कारण पॉलिसी घेताना भरायच्या प्रपोजल फॉर्मवर गाडी ड्रायव्हिंग ट्यूशनसाठी (शिकवण्यासाठी) वापरणार का असा सरळ प्रश्न असतो आणि तिथे एजंटने ‘नाही’ टिक केलं होतं, सही माझी. तेव्हा पहिली गोष्ट हीच, फॉर्म स्वतः भरा, कोरी सही देऊ नका.

आताची पॉलिसी घेतली त्यात ट्यूशनचा वापर लेखी टाकून घेतला. माझ्या ओन डॅमेजच्या (ओडी, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागावर ६० टक्के लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लागलं, ऐकायला जड वाटतं पण पूर्ण प्रीमियमवर नाही, फक्त ओडीवर. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या कव्हरचा, दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस होत नाही, घासाघीस करायची तर ओडीतच. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं कव्हर साडेसात लाखांचं पूर्ण ठेवलं, काही एजंट शंभर रुपये वाचवायला ते ६ हजारांवर आणून ठेवतात, शिकाऊ गाडीला तसं अजिबात करू नका, दुकानाचं एक शटर वाकलं तरी ६ हजार पुरत नाहीत. ड्युअल कंट्रोलचा सेट बाहेरून बसवलेला असतो, त्याची किंमतही वेगळी दाखवून घ्या.

ऑगस्टमध्ये खरी परीक्षा झाली. पाऊस पडून गेलेला, वॅगनआर, शिकणारी ताई तिसऱ्याच दिवशी स्टिअरिंगवर, स्पीड जेमतेम पंधराचा असेल. एक बाईकवाला आडवा गेला, ताईंनी घाबरून सगळं सोडलं आणि गाडी डावीकडे ओढली, काकांनी (आमचे इन्स्ट्रक्टर, बाबांच्या वेळेपासूनचे) ड्युअल ब्रेक दाबला पण ओल्या रस्त्यावर गाडी घसरत जाऊन खांबाच्या कट्ट्याला लागली. हेडलॅम्प, बंपर, फेंडर गेलं आणि काकांचं डावं कोपर दरवाजावर आपटून फ्रॅक्चर. ताईंना काही झालं नाही, पण त्या अर्धा तास गाडीतच बसून रडत होत्या.

गाडीचा क्लेम खरंच चांगला झाला, हे मोकळेपणाने सांगते. त्यांनी मागितलं काय तर ताईंचं लर्निंग लायसन्स, काकांचं लायसन्स, स्कूलचं फॉर्म ११ चं लायसन्स आणि फॉर्म १४ च्या रजिस्टरमधलं (शिकणाऱ्यांच्या नोंदीचं) ताईंच्या नावाचं पान. बिल २८,६००, मिळाले २१,३५०. बंपर प्लॅस्टिकचा म्हणून अर्धा कापला, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा आणि १,००० कम्पल्सरी कपात. २३ दिवस लागले. लर्निंग लायसन्सवाला चालवत होता म्हणून क्लेम जाईल अशी मला धास्ती होती, पण पॉलिसीतच लिहिलेलं असतं की मोटार वाहन नियमातला नियम ३ पाळला असेल तर चालतं, म्हणजे एल बोर्ड हवा आणि शेजारी लायसन्सवाला इन्स्ट्रक्टर गाडी थांबवता येईल असा बसलेला हवा. थर्ड पार्टीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २००४ च्या स्वरण सिंग केसमध्येही लर्निंगवाल्याला लायसन्सधारक धरलंय. पण इन्स्ट्रक्टर टपरीवर चहाला उतरला आणि शिकणारा एकटाच चक्कर मारायला गेला तर सगळंच गेलं, काकांच्या बदली आलेल्या मुलाला मी हे पहिल्या दिवशीच बजावलं.

काकांच्या कोपराचं मात्र अडलं. पेड ड्रायव्हरचं जे कव्हर असतं, पॉलिसीत आयएमटी २८ या नावाने जोडतात ते, ५० रुपयांचं, ते मी घेतलं होतं आणि निर्धास्त होते. कंपनीचा माणूस फोनवर विचारतो, गाडी कोण चालवत होतं? मी म्हटलं शिकणारी ताई. मग तुमचे काका ड्रायव्हर कसे? आता शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस ड्रायव्हर की पॅसेंजर यावर माझी आणि त्यांची एवढी मेलामेली झाली की सांगता सोय नाही, आणि तिकडे काका प्लास्टर घालून घरी, त्यांचा महिना कसा चालायचा? ५५ वर्षांचा माणूस, माझ्या भरवशावर काम करतो. शेवटी कामी आली ती वेगळी काढलेली ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी, तिच्यातून आठवड्याला ३,००० प्रमाणे ६ आठवडे मिळाले. ती बहिणीच्या आग्रहाने काढली होती, मोटर पॉलिसीचा भागच नाही ती.

शिकणाऱ्याचं तर आणखी अवघड आहे. ओनर-ड्रायव्हरचं १५ लाखांचं पीए (पर्सनल ॲक्सिडेंट) कव्हर मालकाचं, शिकणाऱ्याचं नाही, आणि चालवणारी तीच असल्यामुळे थर्ड पार्टी म्हणूनही तिला धरत नाहीत. म्हणून आता रजिस्टरमधली नावं दर महिन्याच्या ५ तारखेला ग्रुप पॉलिसीत टाकते. काम वाढलं, पण ॲडमिशनला येणाऱ्या आया विचारतात तेव्हा दाखवायला कागद असतो. लर्निंग लायसन्सची मुदत ६ महिने, परीक्षा किंवा बाळंतपणामुळे मधेच थांबून परत येणाऱ्यांची तारीख मी भिंतीवर लाल पेनने लिहून ठेवते.

क्लचप्लेट कुठल्याच पॉलिसीत येत नाही, झीज धरतात. वर्षाला एक तरी जाते, तो खर्च फीतच धरा.

रिन्यूअल तीन महिन्यांवर आहे. डावीकडच्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरचं काय ते लेखी द्या असा मेल मी ब्रँचला केलाय, अजून उत्तर नाही. कुणाकडे असं कलम लिहिलेली पॉलिसी असेल तर त्या ओळीचा फोटो पाठवा, काका परत कामावर आलेत.