मॅपिंगची गाडी, नवं ऑइल आणि चेंबरमधला गाळ

जुना ट्रक घ्यायला निघाला असाल आणि दलाल "मॅपिंग केलेली गाडी आहे, घाटात थांबायचं नाव घेत नाही" म्हणत भाव चढवत असेल, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. मॅपिंग म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं.

माझे पैसे आधी सांगतो. २०१८ चा सहाचाकी, बीएस-४. ठरलेला भाव ९,८५,०००. त्यातले २,८५,००० मी रोख दिले, त्यात १,१०,००० बायकोचे दागिने मोडून आलेले. उरलेले ७,००,००० फायनान्सचे, हप्ता २४,२७०. दलाली १५,००० वेगळी. आणि इंजिन बसल्यावर वरून २,१६,५००.

मी काही नवखा नाही. आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेलंय. गाडी बघायला जाताना मिस्त्रीही बरोबर नेला होता. आरसी, फिटनेस, विमा, चलन, सगळं तपासलं. मॅपिंगचं म्हणाल तर आमच्या लाइनला कितीतरी गाड्यांचं केलेलं असतं, त्यामुळे ते ऐकून दचकायचं काही कारण नव्हतं.

पण त्या सकाळचं सगळं आज डोळ्यांसमोर येतं आणि डोकं भणाणतं. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. "तुमच्यासाठीच चालू करून ठेवली, भाऊ." म्हणजे थंड इंजिन कसं स्टार्ट होतं, किती धूर टाकतं, ते बघायला मिळालंच नाही. मिस्त्रीने गेज ओढलं तर ऑइल मधासारखं स्वच्छ. डिझेल गाडीचं ऑइल थोडं चाललं की काळं पडतं, हे मला आणि मिस्त्रीला कोणी शिकवायला नको. "कालच सर्व्हिस केली," दलाल म्हणाला. मिस्त्रीने ऑइलचं झाकण काढलं. आतून पुसून लख्ख, डिझेलचा वास येत होता. मी ऑइल भरायच्या तोंडात बोट घातलं तर कडेला काळं, चिकट, घट्ट काहीतरी नखात आलं. तेवढ्यात दलालाने माझ्या हातात चिंधी दिली, "हात कशाला खराब करता," म्हणाला आणि झाकण स्वतःच फिरवून बसवलं. मिस्त्री म्हणाला टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलून दाखवा. "पॅकिंग फाटेल, तुम्ही गाडी नाही घेतली तर नवं कोण टाकणार?" वाजवी वाटेल असंच बोलणं होतं. नखातला तो काळा गोळा मी त्याच्याच चिंधीला पुसला.

आत काय होतं ते इंजिन उतरवल्यावर कळलं. आधीच्या मालकाने ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, मॅपिंग करून डिझेल वाढवलं होतं. डिझेल जास्त, ते पूर्ण जळत नाही, काजळी रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. अशा गाडीचं ऑइल कंपनीने सांगितलंय त्याच्याही आधी बदलायला हवं. यांनी उलट लांबवत नेलं. ऑइलचं डांबर होऊन चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाला आणि ऑइल पंपाच्या जाळीवर थर बसला. विकायची वेळ आली तेव्हा फ्लश मारला, म्हणजे इंजिन आतून धुतलं, आणि २०डब्ल्यू-५० चं जाड ऑइल भरलं, म्हणजे प्रेशरचा काटा वर राहतो आणि इंजिनाचा आवाज दबतो. दलालाच्या यार्डातलं काम सोडलेल्या पोराने हे मला नंतर सांगितलं. फ्लशने सुटलेला गाळ मात्र चेंबरमध्येच फिरत राहिला आणि शेवटी जाळीत जाऊन अडकला, ऑइल वर जाईना.

वाशीचं मार्केट करून परत येताना कसारा घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. बाजूला घेईपर्यंत टर्बोने शिट्टी मारली आणि खालून ठोके सुरू झाले. मेटल, म्हणजे क्रँकचं बेअरिंग, गेलं. क्रेन १४,०००. टर्बो ३८,५००, क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंग ३१,२००, लायनर-पिस्टन ५४,०००, ऑइल पंप ९,८००, हेड २२,०००, मजुरी ३५,०००, ईसीएमला मूळ प्रोग्रॅम टाकायला १२,०००. विम्याने एक रुपया दिला नाही, इंजिनातला बिघाड त्यांच्याकडे बसत नाही. गाडी उभी होती तेव्हाही हप्ता चुकला नाही.

दलालाने फोन उचलणं बंद केलं. यार्डात गेलो तर म्हणाला, "जशी आहे तशी घेतली, सही केलीय तुम्ही." सौदा-पावतीवर तशी ओळ आहे, बारीक अक्षरात. सही करायच्या आधी ती ओळ खोडायला लावा, नाही खोडली तर उठून या.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. मी म्हणालो, ठरवून दोष लपवला, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे. तर म्हणे, "बघूनच घेतली ना?" अर्जावर पोच द्यायलाही तयार नव्हते. आरटीओत तर कहरच. गाडी आता तुमच्या नावावर आहे, मॅपिंग सापडलं तर तुमच्यावरच मोटार वाहन कायद्याचं १८२-अ कलम लागेल, प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा कैद. म्हणजे बदल केला एकाने, विकला दुसऱ्याने, पैसे गेले माझे आणि गुन्हेगारही मीच! १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला अधिकारपत्र लागतं, या माणसाकडे ते आहे का, एवढंच विचारलं. उत्तर मिळालं, "माहितीच्या अधिकारात अर्ज करा." जे रजिस्टर त्यांच्याच टेबलावर असायला हवं, त्यासाठी मी अर्ज करायचा, वाट बघायची, आणि तोवर तो माणूस पुढची गाडी विकणार. कर भरायला उशीर झाला की हीच मंडळी रस्त्यात गाडी अडवतात.

ग्राहक आयोगातही खिडकीवरच्या माणसाने "ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही" म्हणून परत पाठवायला बघितलं. ऐकू नका. पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूत धरत नाहीत. वकिलाने हेच लिहून दिलं आणि तक्रार दाखल झाली. फी २०० रुपये. मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा दलालाच्या "बघू, बसून मिटवू"वर दिवस घालवू नका.

गाडी बघायला न सांगता, पहाटे जा, इंजिन थंड असताना. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून बॅक किती मारते, म्हणजे तोंडातून धूर-हवा किती बाहेर फेकते, ते बघा. टॅपेट कव्हर खोलू देत नसेल तर पॅकिंगचे पैसे तुम्ही द्या, तरी नाही म्हणाला तर परत फिरा. ईसीएम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅन करून घ्या. आणि इंजिन खोलायची वेळ आलीच, तर धुवायच्या आधी व्हिडिओ काढा आणि मिस्त्रीकडून तारखेसकट लेखी घ्या. माझी जाळी गाळासकट पिशवीत बांधून ठेवली आहे, वकिलाने ती पुरावा म्हणून मागितली आहे.