जाडजूड ग्रंथ की प्रश्नोत्तरं?

कॅथलिक श्रद्धा समजून घ्यायची तर फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओंच्या नादी न लागता चर्चचंच अधिकृत पुस्तक उघडावं. माझ्या टेबलावर दोन असतात. १९९२चा ‘कॅटेकिझम’, म्हणजे चर्चची शिकवण मांडणारा ग्रंथ: २८६५ परिच्छेद, तळटीपांत बायबलचे आणि धर्मसभांचे दाखले. वाचताना दम लागतो, खरंय. २००५चं ‘कॉम्पेंडियम’ म्हणजे त्याचाच सारांश, ५९८ प्रश्नोत्तरांत; लोकलमध्ये उभ्या उभ्याही वाचता येतं. मेख एकच. २०१८मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमचा २२६७वा परिच्छेद बदलून देहदंड अस्वीकार्य ठरवला. माझ्या कॉम्पेंडियममध्ये मात्र त्याआधीचंच, थोडी फट ठेवणारं उत्तर आहे. तरी सुरुवात मी कॉम्पेंडियमनेच करतो. उत्तराशेजारी कॅटेकिझमचे परिच्छेद-क्रमांक दिलेले असतात. अडलं की मुकाट जाड ग्रंथ खाली काढतो.