मेन्यूचं मागचं पान : वीटनच्या मेक्सिकन-साल्वाडोरन रेस्टॉरंटमध्ये महिनोन्महिने जेवल्यावर

सरळच सांगते. आमच्या घराजवळच्या या रेस्टॉरंटमध्ये जायचं ते मेन्यूच्या मागच्या पानासाठी. पुढच्या पानांवर टाको, बुरीतो, फहीता, एन्चिलादा सगळं आहे आणि ते वाईटही नाही, पण अमेरिकेत तसं कुठेही मिळतं. मागच्या पानावर मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशाचं जेवण आहे. ते करणारी माणसं तिथलीच आहेत, आणि ते चवीत कळतं.

जागा वीटनमध्ये, म्हणजे वॉशिंग्टन डीसीच्या उत्तरेला, मेरीलँडमध्ये, मेट्रोच्या रेड लाइनवर. गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही इथे राहायला आलो, तेव्हापासून तिथे बसून खाणं किंवा पार्सल आणणं हे आमच्या आठवड्यात ठरूनच गेलंय. मालकीणबाई सांगतात की नव्वदच्या दशकापासून रेस्टॉरंट याच जागी आहे. नाव मुद्दाम देत नाही. वीटन, सिल्व्हर स्प्रिंग, लँगली पार्क या पट्ट्यात अशी कितीतरी ठिकाणं आहेत, आणि खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं तुमच्या जवळच्या ठिकाणालाही लागू पडेल.

एकाच मेन्यूत दोन देश कसे, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. एल साल्वाडोरमध्ये १९८० ते १९९२ अशी बारा वर्षं यादवी चालली आणि लाखो माणसं देश सोडून बाहेर पडली. वॉशिंग्टन परिसरात इंतिपुका नावाच्या गावची माणसं त्याआधीच येऊन कामाला लागली होती. त्यांच्या मागोमाग नातेवाईक आले, गावकरी आले, आणि आज या परिसरात बाहेरच्या देशांतून आलेल्यांमध्ये सर्वांत जास्त लोक साल्वाडोरचे आहेत. अनेकांनी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत भांडी घासली, भाज्या चिरल्या आणि मग स्वतःचं दुकान थाटलं. पण तेव्हाच्या अमेरिकन गिऱ्हाइकाला टाको माहीत होता, पुपुसा माहीत नव्हती. म्हणून पाटीवर मेक्सिकन आधी आणि साल्वाडोरन नंतर. धंदा चालला तो पुढच्या पानांवर. आपल्या माणसांना घरचं खाऊ घातलं ते मागच्या पानावरून. हे कळल्यावर मला त्या मेन्यूबद्दल आदरच वाटायला लागला.

आता पुपुसा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन दळायचा ही त्या भागातली हजारो वर्षांची रीत. चुन्यामुळे मक्याची सालं सुटतात, पिठाला बांधणी येते आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. या पिठाच्या गोळ्यात सारण भरून जाडसर, तळहाताएवढी भाकरी थापायची आणि तव्यावर भाजायची, की झाली पुपुसा.

इथे काउंटरच्या मागे मोठा सपाट तवा आहे आणि त्याच्यापाशी एक काकू उभ्या असतात. बसायचं तर काउंटरजवळ बसा, म्हणजे त्यांचे हात दिसतात. तेल-पाण्याच्या वाटीत बोटं बुडवायची, गोळा घ्यायचा, अंगठ्याने खळगा करायचा, सारण भरून तोंड मिटवायचं, आणि मग या हातावरून त्या हातावर थापत थापत वाढवायचं. पोळपाट नाही, लाटणं नाही. चीज कडेने जरासं बाहेर येतं आणि तव्याला लागून त्याची तपकिरी, कुरकुरीत जाळी होते. त्या जाळीसाठी आमच्या घरात भांडणं होतात. उन्हाळ्यात आई आली होती, ती ताट समोर येऊनही काकूंचे हात बघत बसली. शेवटी काकूंनीच हसून तिला जेवायची खूण केली. शनिवार-रविवारी तांदळाच्या पिठाच्या पुपुसाही मिळतात. एल साल्वाडोरमध्ये ओलोकुइल्ता हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. आई मूळची मालवणची, तिला त्याच जास्त आवडल्या.

सारणांत तीन मुख्य. राजम्याच्या जातीचे छोटे लाल दाणे वाटून परतलेले आणि चीज, हे सगळ्यांत भरवशाचं. दुसरं चीज आणि लोरोको. लोरोको म्हणजे एका वेलीच्या न उमललेल्या हिरव्या कळ्या. वास रानटी, चव किंचित आंबूस. पहिल्या घासाला काहीच कळत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर त्याच्याशिवाय अडतं. तिसरं ‘रेवुएल्ता’, म्हणजे चीज, दाणे आणि डुकराचं मांस एकत्र. मांस इथे शिजवून पेस्टसारखं बारीक वाटलेलं असतं, त्यामुळे खाणाऱ्याला तुकडा लागत नाही. नवरा हेच मागवतो. एक पुपुसा साडेतीन डॉलरची. दोनांत माझं पोट भरतं, तीन मागवल्या तर एक घरी येते.

सोबत कुर्तीदो येतं : कोबी, गाजर, कांदा, ओरेगानो, व्हिनेगर. टेबलावर बरणीच असते. ताजं कुर्तीदो नुसतं कचकचीत लागतं. दोन-तीन दिवस मुरलेलं असेल तर त्याची गोष्टच वेगळी, म्हणून ‘मुरलेलं आहे का’ असं मी विचारतेच. ते पुपुसावर ढीग करून घालायचं, वर टोमॅटोची पातळ लाल साल्सा ओतायची आणि हाताने तुकडा मोडून खायचं. काटा-चमचा मिळतो, पण आजूबाजूला कोणी तो हातात घेत नाही. ही लाल साल्सा अजिबात तिखट नसते. साल्वाडोरचं जेवण मुळातच सौम्य, आपल्या जिभेला सुरुवातीला फिकं वाटेल. त्याला उपाय पुढच्या पानावर आहे. मेक्सिकन बाजूची हिरव्या मिरचीची साल्सा मागून घ्या, फुकट देतात.

शाकाहारी मंडळींसाठी हे नीट लिहिते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. राजम्याचे दाणे परतताना कधी कधी डुकराची चरबी वापरतात. ‘लोस फ्रिहोलेस येवान मांतेका?’, म्हणजे ‘दाण्यांत चरबी आहे का?’, एवढं एक स्पॅनिश वाक्य पाठ करा. इथे दाणे तेलात करतात, पण दुसऱ्या ठिकाणी मला ‘हो, चरबीत’ असंही उत्तर मिळालंय. मेक्सिकन भातात कोंबडीचा स्टॉक असू शकतो, तेही विचारा. तवा मात्र एकच असतो. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी इथे पेयावर आणि केळ्यांवर समाधान मानावं.

केळ्यांबद्दल सांगायचं तर पिकलेली मोठी केळी तळून, दाटसर साय आणि दाण्यांसोबत देतात. गोड आणि खारट असं एकत्र खायला आवडत असेल तर नक्की घ्या. तळलेला युका, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो, गरम असेपर्यंतच चांगला. तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात गुंडाळून वाफवलेले, इथे केळीच्या पानातले मिळतात, मेक्सिकन पद्धतीचे मक्याच्या पातीतले नाहीत, आणि ते कितीतरी मऊ असतात. ओर्चाता हे गोड पेयही साल्वाडोरचं मागा. मेक्सिकन ओर्चाता तांदूळ आणि दालचिनीची; ही मोरो नावाच्या फळाच्या बिया भाजून, वाटून केलेली, रंगाने मातकट, चवीला खमंग. साखर जास्त असते, अर्धी मागितली तर ऐकतात असं नाही.

तक्रारी आहेत. रविवारी दुपारी चर्चमधून कुटुंबंच्या कुटुंबं येतात आणि ऑर्डर यायला पाऊण तास सहज लागतो. मोठ्या कढईतलं गोमांसाचं सूप त्याच दिवशी असतं, त्यामुळे गर्दी आणखी. टीव्हीवर फुटबॉल इतक्या मोठ्याने लावतात की समोरच्याशी बोलता येत नाही. एन्चिलादा चीजमध्ये बुडालेल्या असतात, आता त्या आम्ही मागवतच नाही. वर्षभरात पुपुसाची किंमत वाढली, त्याबद्दल मात्र माझी कुरकुर नाही. हाताने थापलेली वस्तू आहे ती.

जायचं तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी सातच्या आत जा. नोव्हेंबरचा दुसरा रविवार एल साल्वाडोरमध्ये २००५ पासून राष्ट्रीय पुपुसा दिवस आहे, त्या दिवशी फोन करूनच निघा. पार्सल नेणार असाल तर कुर्तीदो आणि साल्सा वेगळ्या डब्यांत मागा, आणि घरी पुपुसा मायक्रोवेव्हमध्ये अजिबात घालू नका, रबर होतं. लोखंडी तवा चांगला तापवा, तेल न घालता मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा, कडेचं चीज पुन्हा चुरचुरलं की उतरवा.