परसातला सराव-वाफा: नाणी मातीत पुरावीत की नळीत सरकवावीत?

मेटल डिटेक्टर घेतल्यावर तो शेतावर नेण्याआधी परसात सरावाचा वाफा करावा, म्हणजे ओळखीची नाणी जमिनीखाली ठेवून प्रत्येकाचा आवाज कानाने ओळखायला शिकावे, याविषयी दुमत नसावे. आपल्या भागात तर कान घरीच तयार केलेला बरा. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती असो किंवा हलशीची कदंबकालीन मंदिरे असोत, अशा वास्तूंभोवती यंत्र फिरवण्याचा मोह टाळावा. संरक्षित जागेत विनापरवाना खोदणे १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेला पुरलेला ठेवा कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

प्रश्न उरतो तो वाफा कसा करावा याचा. नाणी थेट मातीत पुरण्याची पद्धत मी प्रथम अवलंबिली आणि पुढे तिरप्या पीव्हीसी नळीकडे वळलो. वाळू आणून वाफा भरण्याचा मार्ग मात्र मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला. माझे परस खानापूरच्या बाजूचे, तांबड्या जांभ्या मातीचे आहे. या मातीत लोहाचे ऑक्साइड इतके असते की ग्राउंड बॅलन्स करूनही, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळण्यासाठी यंत्र जुळवूनही, ते कुरकुरत राहते, आणि हवेत वीतभर अंतरावरून स्पष्ट ऐकू येणारा चांदीचा रुपया जमिनीत सहा-सात बोटांखाली गेला की जेमतेम कुजबुजतो. वाळूत सरावलेला कान अशा मातीत फसतो.

थेट पुरण्याचे गुण मी मनापासून मान्य करतो. पहार, खुरपे आणि एक दुपार एवढ्यात काम होते. एक-दोन पावसाळे गेले की उकरलेली माती बसते आणि मिळणारा आवाज खऱ्या शेतातल्या आवाजाच्या जवळ जातो. शिवराईला, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला, खेटून गंजका खिळा पुरला, तर लोखंड चांगल्या नाण्याचा आवाज कसा गिळून टाकते, हे जितके नीट कळते तितके अन्य कोणत्याही मार्गाने कळत नाही. मात्र पुरण्याआधी जागा पूर्ण साफ करावी. घर बांधताना पडलेले खिळे आणि बाइंडिंग वायरचे तुकडे काढण्यातच माझे दोन रविवार गेले.

असे असूनही मी ती पद्धत सोडली, त्याचे कारण एकच: वाफा पाठ होतो. जास्वंदीच्या बुंध्याशी चांदीचा रुपया, धुण्याच्या दगडापासून दोन पावलांवर बाटलीचे बूच, त्यापलीकडे जुनी ॲल्युमिनियमची पाच पैशांची चौकडी, हे सारे महिन्याभरात डोक्यात इतके पक्के बसले की यंत्राची कॉइल (जमिनीवरून फिरवायची तबकडी) तिथे पोहोचण्याआधीच मी मनात उत्तर देऊन मोकळा होत असे, आणि जो क्षीण आवाज अनोळखी रानात मी नक्कीच सोडून दिला असता, तोच घरी मला खणखणीत वाटू लागला. नाण्यांच्या जागा बदलाव्यात तर माती पुन्हा मोकळी होते आणि पुन्हा पावसाळ्याची वाट पाहावी लागते. सराव करतो आहोत या समाधानात माझे जवळजवळ एक वर्ष असेच गेले, याची आजही हळहळ वाटते.

नळीने नेमकी हीच अडचण दूर केली. जमिनीत पंचेचाळीस अंशांत तिरपे भोक पाडून दोन इंची नळी घट्ट बसवायची, म्हणजे तिच्यावरची माती जशीच्या तशी राहते. लाकडी पट्टीच्या टोकाशी नाणे ठेवून ती आत सरकवायची; पट्टी चौदा सेंटिमीटर आत गेली की नाणे साधारण दहा सेंटिमीटर खोल असते, अठ्ठावीस गेली की वीस. नाणे पट्टीबरोबर तिरपे होऊ नये म्हणून फोमच्या तुकड्याला खाच पाडून त्यात ते आडवे बसवावे, आणि पट्टीत एकही खिळा मारू नये. मुख्य लाभ असा की आत काय ठेवायचे हे दुसरा कोणी ठरवू शकतो. माझी मुलगी कधी पाच रुपयांचे जुने जाड नाणे घालते, कधी लोहचुंबकाला चिकटणारा पोलादी रुपया, तर कधी काहीच नाही; मला उत्तर केवळ कानाने द्यावे लागते.

नळीत दोष नाहीत असे नाही. जांभ्यात भोक पाडणे उन्हाळ्यात जवळपास अशक्य आहे. जमीन ओली असतानाच ते उरकावे. खनिजयुक्त मातीत पोकळीही कधी कधी खोटा आवाज देते, म्हणून आधी रिकामी नळी गप्प राहते ना, हे पाहावे. तोंडाला झाकण नसेल तर पावसाचे पाणी आणि मुंग्या दोन्ही आत शिरतात. खिळ्याशेजारच्या नाण्याचा सराव नळीत तितका साधत नाही, हेही खरे.

निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत परस असेल, तर कदाचित निर्णय अधिक सोपा ठरेल. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि पुरलेली वस्तू ठेवली तिथेच राहील याचा भरवसा उरत नाही. नळीही हलते, पण नाणे निदान हातात परत येते. ज्यांचे परस मोठे आहे त्यांनी दोन्ही करून पाहण्यास हरकत नाही. जागा एकाच वाफ्यापुरती असेल, तर मात्र मी नळीच सुचवीन. माझ्याकडे आता वेगवेगळ्या दिशांच्या तीन नळ्या आहेत, आणि जुन्या वाफ्यातली शिवराई तिच्या खिळ्यासह तेवढी जागच्या जागी राहू दिली आहे.