विनोद कधी करायचा आणि कधी गप्प बसायचं, हे शिकवणारा ऑनलाइन कोर्स: माझा अनुभव

काउन्सेलिंग, शिकवणं आणि ऑफिस, तिन्हीकडे विनोदाचा वापर कसा करायचा यावरचा हा कोर्स नुकताच पूर्ण केला. मी शाळेत शिकवते आणि मुलांचं काउन्सेलिंगही माझ्याकडेच असतं, त्यामुळे पहिले दोन भाग रोजच्या कामाचे होते आणि तिसरा म्हटलं बघू काय आहे ते. थोडक्यात सांगायचं तर काउन्सेलिंगचा भाग अप्रतिम, शिकवण्याचा चांगला आणि ऑफिसचा भाग म्हणजे निव्वळ पाट्या टाकल्यात.

सगळ्यात आधी आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्हाला विनोदी बनवू वगैरे असला दावा कुणीच केला नाही. पहिल्याच सेशनला काउन्सेलिंगचा भाग घेणाऱ्या मॅडमनी सगळ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली, मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली, ३२ वाक्यं असतात आणि त्यातून तुमच्या विनोदाचे चार प्रकार कळतात. लोकांना जवळ आणणारा, कठीण वेळी स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा, आणि चौथा म्हणजे स्वतःलाच कमी लेखून लोकांना हसवणारा. या चौथ्यावर मॅडम बराच वेळ बोलल्या आणि मला ते फार महत्त्वाचं वाटलं कारण प्रत्येक वर्गात असं एक तरी पोर असतं, पेपर मिळाला की "मी तर ढच आहे" म्हणून सगळ्यांना हसवणार, शिक्षकही हसणार, आणि कुणाच्या लक्षातच येत नाही की तो हे रोज म्हणतोय आणि आता त्याला स्वतःला ते खरं वाटायला लागलंय. असं मूल आनंदी आहे असं आपण धरून चालतो. तसं धरू नका.

काउन्सेलिंगच्या भागात दोन्ही बाजू मांडल्या हे खरंच कौतुकास्पद आहे. एकीकडे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल, ज्यांनी घाम येण्याच्या भीतीने हैराण झालेल्या एका तरुण डॉक्टरला सांगितलं की घाम लपवू नकोस, उलट मी किती घाम गाळू शकतो ते लोकांना दाखवच, आणि तो मनातल्या मनात "मघाशी थोडासाच आला, आता दहापट गाळतो" असं म्हणायला लागला आणि चार वर्षांची भीती आठवड्याभरात गेली. तसेच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, जे लोकांच्या मनातल्या आडमुठ्या समजुतींवर गमतीदार गाणी रचून त्यांच्याकडून म्हणून घ्यायचे. आणि दुसरीकडे लॉरेन्स क्युबी नावाचे मनोविश्लेषक, ज्यांनी १९७१ मध्ये थेट इशाराच दिला होता की थेरपीत विनोद घातक ठरू शकतो. त्यांचं म्हणणं असं की काउन्सेलरने जोक केला की समोरच्याला हसावंच लागतं, राग आला असला तरी तो गिळावा लागतो, शिवाय काउन्सेलर कधी कधी स्वतःची अस्वस्थता झाकायलाच विनोद करत असतो.

हे नुसतं स्लाइडवर दाखवून सोडलं असतं तर मी विसरून गेले असते. पण मॅडमनी रोल-प्ले घेतला. आमच्यातल्या एका सरांनी क्लायंटचं काम केलं, वर्गात मोठ्याने वाचायला उभं राहिलं की आवाज थरथरतो अशी तक्रार असलेला मुलगा. मॅडमनी आधी बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं, कधी होतं, कोण समोर असतं, घरी वाचताना होतं का, आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "बरं, मग उद्या असा थरथरव की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, जमेल?" सर क्षणभर बघतच राहिले आणि मग खरंखुरं हसू फुटलं त्यांना, थांबेना. मॅडम त्यांच्यानंतर हसल्या. लगेच तोच रोल-प्ले पुन्हा, पण या वेळी हेच वाक्य ऐकून घेण्याआधी, तक्रार सांगून होते न होते तोच. शब्द तेच, आवाज तोच. सरांनी ओठ थोडे ताणले, "हो मॅडम" म्हणाले आणि पुढे काही बोललेच नाहीत. आम्ही सगळे अवाक. क्युबी जे म्हणत होते ते डोळ्यांसमोर घडलं, अगदी नाटकातसुद्धा. त्यावर मॅडमनी दिलेली खूण मी वहीत लिहून ठेवलीय, पहिलं हसू समोरच्याचं आलं पाहिजे, आणि हसल्यावर तो आणखी बोलायला लागला तरच विनोद लागू पडला असं समजायचं, गप्प झाला तर तिथेच थांबायचं आणि सरळ विचारायचं की हे बोललेलं खटकलं का.

शिकवण्याचा भाग दुसऱ्या सरांनी घेतला. त्यांचा मुद्दा एकच होता आणि तो त्यांनी नीट पोहोचवला, की विनोद धड्यातलाच हवा. धडा थांबवून सांगितलेला चुटकुला मुलांना आवडतो, पण लक्षात चुटकुलाच राहतो आणि धडा गेला उडत. १९७७ चा कॅप्लन आणि पॅस्को यांचा अभ्यास त्यांनी यासाठी सांगितला, लेक्चर संपल्या संपल्या घेतलेल्या परीक्षेत विनोदाने काही फरक पडला नव्हता, पण सहा आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ज्या संकल्पना विनोदी उदाहरणातून सांगितल्या होत्या तेवढ्या जास्त लक्षात राहिल्या होत्या. बाकीच्या नाही! म्हणजे विनोद सगळ्या तासावर शिंपडायचा नसतो, जी गोष्ट महिन्या-दोन महिन्यांनीही आठवली पाहिजे तिच्यातच तो घालायचा. सरांचं उदाहरण सरासरीचं होतं, खोलीत दहा जण बसलेत, सगळे कर्जात, अकरावा अब्जाधीश आत आला आणि सरासरीने सगळेच कोट्यधीश झाले, तरी कर्जाच्या हप्त्यातून कुणाचीच सुटका झाली नाही. मी हे वर्गात सांगितलं, आणि एका मुलीने स्वतःहून विचारलं की मग अशा वेळी सरासरीऐवजी मधला माणूस बघायचा का. मध्यक शिकवायच्या आधीच तिने तो शोधला. इतकं बरं वाटलं मला त्या दिवशी.

ज्यांना वाटतं आपल्याला जोक जमत नाहीत म्हणून हे आपल्यासाठी नाही, त्यांनी बिनधास्त करा. लोक प्रत्यक्षात कशावर हसतात याची नोंद रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने केली होती, त्यात विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचं हसणं फक्त १० ते २० टक्के निघालं, बाकी सगळं अगदी साध्या बोलण्यावर, माणसं एकत्र होती म्हणून. लाजऱ्या शिक्षकांसाठी ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे आणि ती कोर्समध्ये जरा घाईत उरकली.

आता ऑफिसचा भाग. इथे मी खरंच नाराज आहे. हसरी टीम, कमी ताण, मीटिंगची सुरुवात हलक्याफुलक्या गोष्टीने करा, असल्या स्लाइडवर स्लाइड. एका ताईंनी विचारलं की साहेबच सगळ्यांसमोर माझ्यावरून जोक करतात आणि सगळे हसतात, मी काय करू? तर उत्तर काय, पॉझिटिव्ह घ्या, वातावरण हलकं राहतं. अहो, आदल्याच दिवशी तुम्ही आम्हाला दाखवलंत ना की समोरचा नाइलाजाने हसतो तेव्हा काय होतं! ऑफिसात तर पगार आणि प्रमोशन त्याच माणसाच्या हातात असतं, तिथे कोण हसायचं थांबणार? ताईंना निदान इतकं सांगायला हवं होतं की एकट्यात भेटून स्पष्ट बोला, तारखा लिहून ठेवा, सोबत कुणीतरी घ्या. आणि बाईने केलेला विनोद आणि पुरुषाने केलेला विनोद कामाच्या ठिकाणी सारखा मोजला जात नाही, २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, विनोद करणाऱ्या पुरुषाला लोकांनी वरचा दर्जा दिला आणि बाईला उलट खालचा. हे बहुतेक बायकाच असलेल्या बॅचला सांगायचं नाही म्हणजे कमाल आहे. मी फीडबॅक फॉर्ममध्ये सविस्तर लिहिलंय.

बाकी रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, नोट्स मराठीत आणि वाचनीय आहेत, प्रश्नांना उत्तरं मिळतात. रोल-प्लेला मात्र वेळ फारच कमी, बॅच मोठी असल्यामुळे बऱ्याच जणांचा नंबरच लागला नाही आणि हे असं काम आहे की स्वतः तोंड उघडून केल्याशिवाय येत नाही. घेणार असाल तर नाव नोंदवतानाच रोल-प्लेसाठी सांगून ठेवा.

पाचपैकी चार स्टार, तेही मॅडमच्या सेशन्समुळे. काउन्सेलर, शिक्षक आणि नर्सिंगमधल्या लोकांनी डोळे झाकून घ्या. फक्त ऑफिससाठी घेणार असाल तर तो भाग ते बदलेपर्यंत थांबा.