चांगला स्लॉट बूट ड्राइव्हला देऊ नका : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मशीन व्हिडिओ एडिटिंगचं, नाशिकमधलं, रोज दहा-बारा तास चालणारं. बूटला, म्हणजे विंडोजला, ५०० जीबी जेन-३ एनव्हीएमई (वेगवान एसएसडी; ‘जेन’ म्हणजे वेगाची पिढी), चालू कामाला १ टीबी जेन-४ टीएलसी एसएसडी, झालेल्या कामाला ४ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क.

बूटसाठी महागडा ड्राइव्ह घेऊ नका. खोक्यावर जेन-३ चे सेकंदाला ३५०० आणि जेन-४ चे ७००० एमबी छापलेले असतात. पण विंडोज सुरू होताना बारीकसारीक फाइल वाचल्या जातात, तिथे हा फरक जाणवतच नाही. आठ महिन्यांत बूट ड्राइव्हवर जेमतेम ६ टीबी लिहिलं गेलं, कामाच्या ड्राइव्हवर ४८ टीबी. पैसे कुठे घालायचे ते यातच आलं.

कामाला टीएलसीच हवा (टीएलसी चिप एका पेशीत तीन बिट साठवते, स्वस्त क्यूएलसी चार). १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के फुटेज तासाला ४५ जीबी होतं. दोन कॅमेरे चार-चार तास चालले की ३६० जीबी. पोर्टेबल एसएसडीवरून हे एकदम ओतलं की स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हचा कॅशे (वेगवान तात्पुरती जागा) भरतो आणि वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे हार्ड डिस्कच्याही खाली येतो. सहा-सात मिनिटांची कॉपी तासभर रेंगाळते. एमजी रोडवर भाव काढताना आधी ‘टीएलसी की क्यूएलसी’ हे विचारा, वेग नंतर.

सगळ्यात मोठा फरक पडला तो स्लॉटमुळे. बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारचा वरचा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. सवयीने तिथे बूट ड्राइव्ह बसवला जातो आणि कामाचा ड्राइव्ह ग्राफिक्स कार्डाखाली जातो. मे महिन्यात लांब रेंडरला (तयार व्हिडिओ बनवून काढताना) तिथे ८२ अंश दिसले आणि वेग पडू लागला. दोन्हींची अदलाबदल केली, वर हीटसिंक (उष्णता खेचणारी धातूची पट्टी) लावला. त्याच रेंडरला ६१ अंश. बूट ड्राइव्ह बराच वेळ निवांत असतो, त्याला खालची जागा चालते. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म मात्र आठवणीने सोला. ती राहिली तर उष्णता नीट पुढे जात नाही.

दुसरा एम.२ भरला की काही बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते ते) बंद पडतात. हार्ड डिस्क दिसत नसेल तर केबल बदलण्याआधी मॅन्युअलमधला तक्ता बघा. हार्ड डिस्क सीएमआरच घ्या, म्हणजे जिच्यात डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी असतात; एसएमआरमध्ये ते एकमेकांवर चढलेले असतात. एसएमआर डिस्कवर मोठ्या फाइल पुन्हा पुन्हा लिहिताना वेग कोसळतो.

विंडोज टाकताना बूट ड्राइव्ह सोडून बाकी सगळे काढून ठेवा. नाहीतर ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) जुन्या हार्ड डिस्कवर जाऊन बसतं, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. इन्स्टॉल झाल्यावर एडिटिंग सॉफ्टवेअरचा कॅशे फोल्डर कामाच्या ड्राइव्हवर हलवा आणि तिथे १५-२० टक्के जागा कायम मोकळी ठेवा.

पावसाळ्यात वीज झपकन जाते-येते, त्यामुळे यूपीएस हवाच. आणि एसएसडीवरून उडवलेली फाइल ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडी पुसून टाकते ते) झाल्यावर परत मिळणं जवळपास अशक्य. म्हणून दुसरी ४ टीबी डिस्क दर शनिवारी जोडायची, कॉपी झाली की काढून दुसऱ्या घरी ठेवायची.